‘नेट नाही, उद्या या’ : बिघाड नेमका कोणाच्या बांधात?

गेल्या महिन्यात शेजारच्या गावी पाव्हण्यांकडे गेलो होतो. सकाळची वेळ. ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर पंधरा-वीस माणसे बसलेली. त्यात एक साठीची बाई, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. नातवाच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला पाहिजे होता. त्यासाठी तिची ही तिसरी खेप. भांगलणीची मजुरी बुडवून तीन वेळा आली आणि तिन्ही वेळा एकच उत्तर मिळाले : “मावशी, नेट नाही. उद्या या.”

मी आत जाऊन त्या केंद्र चालवणाऱ्या पोराला विचारले, “बाबा, नेट नाही म्हणजे नक्की काय नाही?” पोरगा चांगला होता, उद्धट नव्हता. म्हणाला, “काका, नेट नाही म्हणजे नाही. आता वरूनच नाही.” मी म्हटले, वरून म्हणजे कुठून? त्याने हाताने छताकडे दाखवले.

कोपऱ्यातल्या कपाटावर काचतारेच्या जोडणीची पेटी होती. तिच्यावर एकही दिवा लागलेला नव्हता. पेटीची बॅटरी कधीच बाद झालेली, आणि तिची वीजपिन कोणीतरी काढून तिथे पाण्याचा फिल्टर लावलेला. पोरगा काम करत होता स्वतःच्या मोबाईलवर, आणि त्या दिवशी त्याच्या मोबाईलला रेंज नव्हती. म्हणजे सरकारी जोडणी गावात येऊन पोचली होती, पण शेवटचे चार हात तिचे तिलाच पार करता आले नव्हते.

दोष कोणाला द्यायचा? त्या पोराला? ग्रामपंचायत अधिकाऱ्याला? की ‘वर’च्याला? हाच प्रश्न घेऊन आज लिहायला बसलो आहे. कारण हा प्रश्न मला नवा नाही. पंचवीस वर्षांपूर्वी डायल-अप मोडेमने तो मला चांगला शिकवला होता.

मोडेम म्हणजे काय होते

आजच्या तरुण वाचकांनी मोडेम पाहिला नसेल. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने सुरू केले. सुरुवातीला ते मोठ्या शहरांपुरते. खेड्यातून जोडायचे तर शहराला एस.टी.डी. लावावा लागे, म्हणजे मिनिटामिनिटाला मीटर पळायचे. पुढे १७२ ने सुरू होणारे क्रमांक आले आणि स्थानिक कॉलच्या दरात जोडणी मिळू लागली, तेव्हा कुठे तालुक्याच्या गावात लोकांनी संगणकाला फोनची तार लावायला सुरुवात केली.

मोडेम ही एक लहान पेटी. संगणकाची भाषा ती आवाजात बदलायची आणि तो आवाज फोनच्या तारेवरून पाठवायची. पलीकडची पेटी त्या आवाजाची पुन्हा संगणकाची भाषा करायची. जोडताना ‘टिर्रर्र, घ्यांव, खर्रर्र’ असा कर्कश आवाज यायचा, तो म्हणजे दोन्ही पेट्या एकमेकींशी बोलून किती वेगाने चालायचे ते ठरवत असत. फोनची तार मुळात माणसाच्या बोलण्यासाठी. ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच तिची वाट. बैलगाडीच्या चाकोरीतून मालट्रक काढायचा असला हा उद्योग.

डब्यावर ‘५६ के’ असे मोठ्या अक्षरात छापलेले असायचे. तो वेग मिळायला एक्स्चेंज डिजिटल पाहिजे, तार आखूड पाहिजे आणि कोरडी पाहिजे. खेड्यात यातले एखादेच जमायचे. आमच्याकडे कधी २८, कधी १४, आणि पावसाळ्यात ९.६. हिशेब करून बघा : आजच्या मोबाईलने काढलेला तीन एमबीचा एक फोटो ३३.६ च्या वेगाने पाठवायला बारा मिनिटे लागली असती आणि ९.६ च्या वेगाने चाळीस मिनिटांच्या वर. तीही लाईन मध्ये तुटली नाही तर.

आणि ही गोष्ट लाईन असलेल्या गावांची. डोंगरकपारीच्या कित्येक गावांत सार्वजनिक फोन ‘मार’ नावाच्या बिनतारी यंत्रणेवर चालायचा. त्याच्यावर धड बोलणे होण्याची मारामार, मग मोडेमचे नावच कशाला?

अण्णांनी शिकवलेला धडा

त्या काळी माझे एस.टी.डी. बूथ होते. त्यात १९९९ साली कर्ज काढून संगणक आणि मोडेम घेतला. दहावी-बारावीचे निकाल इंटरनेटवर दिसू लागले तसे निकालाच्या दिवशी दुकानासमोर जत्रा भरायची. पोरे घामाघूम, आईबाप दारात उभे. आणि नेमके त्याच वेळी जोडणी तुटायची. एक नंबर टाकला, अर्धे पान आले, की खर्रर्र – संपले. पुन्हा डायल करा. एका निकालाला अर्धा-पाऊण तास. एका मुलीचा बाप म्हणाला, “दादा, पास का नापास एवढंच सांगा, मार्क नकोत.” तेवढेही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी गॅझेट बघायला तो तालुक्याला गेला.

मी १९८ नंबरवर तक्रारीवर तक्रार केली. लाईनमन येऊन जायचा आणि म्हणायचा, “लाईन क्लीअर आहे, तुमचा मोडेम खराब.” मोडेम घेऊन शहरात दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, “मोडेम एक नंबर आहे, तुमची लाईन खराब.” तीन आठवडे या दोघांच्या मध्ये मी चेंडू झालो होतो. दोघेही खोटे बोलत नव्हते. आपापल्या हद्दीपुरते बघून मोकळे होत होते, एवढेच.

मग निवृत्तीला आलेले एक जुने लाईनमन आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांनी मोडेमला हातच लावला नाही. म्हणाले, “आधी बांध कुठाय ते बघू. मग कुणाच्या रानात तण आहे ते सांगतो.”

त्यांनी घरातल्या सगळ्या तारा सोडवल्या. वरच्या खोलीतला जादा फोन, बूथचा मीटर, मोडेम, सगळे बाजूला काढले. बाहेरची तार घरात जिथे शिरते त्या पहिल्या डबीवर एकच साधा फोन लावला. रिसिव्हर उचलला, एक आकडा दाबला, म्हणजे डायल टोन थांबला. आणि कान लावून ऐकत राहिले. शांत. अगदी शांत. रिसिव्हर माझ्या हातात दिला. “आईक. खरखर हाय का? नाही. म्हणजे इथवर सरकार बरोबर हाय. आता तुझं रान.”

मग एकेक तार परत जोडत गेले. वरच्या खोलीची तार जोडली आणि खरखर सुरू झाली. कौलाखालून गेलेली ती तार उंदरांनी कुरतडलेली, आणि पावसाचे पाणी झिरपून तांबे हिरवे पडलेले. तीन आठवडे मी सरकारला शिव्या घालत होतो आणि बिघाड माझ्या डोक्यावर, माझ्याच कौलाखाली होता!

मला भारी शरम वाटली. अण्णा हसले. म्हणाले, “लाजू नको. पुढच्या पावसाळ्यात आमच्यात बी निघंल.” आणि तसेच झाले. पुढच्या जुलैत पुन्हा जोडणी तुटू लागली. या वेळी मी स्वतः डबीवर फोन लावून ऐकले. खरखर डबीवरच. मी तक्रार केली ती ‘नेट चालत नाही’ अशी नव्हे, तर ‘घरातल्या सर्व तारा सोडवून पहिल्या डबीवर ऐकले, तिथेच खरखर आहे’ अशी. दुसऱ्या दिवशी लाईनमन थेट खांबावर चढला. डीपीच्या पेटीत मुंगळ्यांनी घर केले होते, सांध्यात पाणी होते. सांधा कापून नवा केला, काम अर्ध्या तासात संपले.

तक्रार तीच, खातेही तेच. फरक एवढाच की या वेळी मी बांध दाखवून तक्रार केली होती.

खरखर झाली की काय होते

इथे थोडे यंत्राचे सांगतो, कारण ते आजही उपयोगी पडते. तारेवर खरखर झाली की माहितीचा तुकडा चुकीचा पोचतो. मोडेमला चूक कळते, तो तुकडा पुन्हा मागतो. जसे आपण खराब लाईनवर ‘काय म्हणालात? पुन्हा सांगा’ म्हणतो तसे. माणूस बाहेरून बघतो तेव्हा त्याला वाटते नेट स्लो आहे. खरे म्हणजे नेट स्लो नसते, एकच वाक्य पाच वेळा बोलले जात असते. फारच झाले की दोन्ही मोडेम थांबून पुन्हा नव्याने वेग ठरवायला बसायचे, आणि नाहीच जमले तर लाईन सोडून द्यायचे.

कारणे अशी की ऐकून हसू यावे. शेजारच्या खोलीत कुणी जोड फोन उचलला की जोडणी तुटली. ‘कॉल वेटिंग’चा टुक् टुक् आवाज आला की तुटली. फोनची तार विजेच्या मोठ्या लाईनला समांतर गेली असेल तर सतत हम्म्म असा आवाज. जुन्या एक्स्चेंजमध्ये टोन चालत नसे, तिथे मोडेमला पल्स डायलिंग सांगावे लागे. काही मोडेमना आपल्याकडचा डायल टोन ओळखूच यायचा नाही. ‘डायल टोन नाही’ म्हणून तो रुसून बसायचा, आणि आपल्या कानाला मात्र टोन ऐकू यायचा. तेव्हा ‘डायल टोनची वाट पाहा’ या चौकटीतली खूण काढली की चालायचे. आणि वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की फोनची आणि विजेची दोन्ही पिना काढून ठेवायच्या, नाहीतर मोडेमची राख. माझे दोन मोडेम असेच गेले.

पण सगळ्यात मोठा धडा वेगळाच होता. मोडेमला आपण सक्ती करू शकत होतो की बाबा, ५६ च्या मागे लागू नको, १४.४ वर चाल. वेग कमी झाला, पण जोडणी टिकली. निकालाच्या दिवशी मी मोडेम मुद्दाम हळू चालवू लागलो, आणि रांग लवकर संपू लागली. पळत जाऊन दहा वेळा पडण्यापेक्षा चालत जाऊन एकदा पोचणे बरे. शेतकऱ्याला हे सांगायला नको. पाण्याची पाळी आठ तास कमी दाबाने पण सलग मिळाली तर रान भिजते. मोठ्या दाबाने येऊन दर दहा मिनिटांनी मोटर ट्रिप झाली तर नुसते वाफ्याचे तोंड भिजते.

वारणेने काय दाखवले

ही नुसती माझ्या बूथची गोष्ट नव्हे. आपल्या वारणा खोऱ्यात १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेची सहकारी संस्था या तिघांनी मिळून कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली वारणानगरच्या आसपासची ७० गावे घेतली. गावोगावी संगणक बसवून ते वारणानगरशी जोडायचे, शेतकऱ्याला उसाची नोंद, वजन, खताचा हिशेब गावातच बघायला मिळावा, शिवाय बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी कागद हेही मिळावे, असा मोठा आराखडा. देशभरातून माणसे बघायला आली.

पुढे काय झाले? मोठ्या आराखड्यातले बरेचसे कागदावर राहिले. उरले आणि वापरात राहिले ते उसाचे काम. कारण ते शेतकऱ्याच्या गरजेचे होते. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या अभ्यासकांनी याच भागात एक वेगळा प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाईल आणि एसएमएस. सात गावांत आठ महिने चालवून पाहिले. संगणकावर जे जे काम होत होते ते सगळे एसएमएसवर झाले, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांना ते जास्त पसंत पडले.

आता विचार करा. एसएमएस म्हणजे काय, तर एका वेळी फक्त १४० बाइट. मोडेमच्या मानानेही ते चिमूटभर. पण फोन बंद असला, रेंज नसली, तर एसएमएस मध्येच हरवत नाही. वाट बघतो आणि रेंज आली की पोचतो. शेतकऱ्याने वेगाला नव्हे, भरवशाला मत दिले. हे आपल्याच दारात घडले, आणि ते पुढच्या योजना आखणाऱ्यांनी पाठ करायला हवे होते.

तार बदलली, उत्तर बदलले नाही

त्यानंतर तांब्याच्या तारेच्या जागी काचतार आली. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना १०० एमबीपीएस देण्याचे ठरले. पुढे त्याचेच नाव भारतनेट झाले. आमच्या ९.६ च्या मोडेमपेक्षा हे दहा हजार पटींनी जास्त. काचतारेला ओल बाधत नाही, तांब्यासारखी वीज तिच्यातून शिरत नाही. मोडेमच्या काळातले निम्मे आजार तिला नाहीत.

पण तिला तिचे आजार आहेत. रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी, पाणी योजनेचा चर, गटाराचे खोदकाम. एक घाव बसला की तार तुटते, आणि सरळ एका रेषेत टाकलेली तार तुटली की त्यापुढची सगळी गावे अंधारात. काचतार जास्त वाकवली तरी आतला उजेड गळतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने भारतनेटचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला, सुमारे १ लाख ३९ हजार कोटींचा. त्यात रेषेऐवजी वर्तुळ करण्याचे ठरले, म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने जोडणी चालू. शिवाय दहा वर्षांची देखभाल त्यातच धरली आहे. ही सुधारणा योग्यच. तार टाकणे हे बांधकाम आहे, पण तार चालू ठेवणे ही शेती आहे. रोज रानात जावे लागते.

आणि काळ बदलला तो असा की मोडेमच्या काळात नेट तुटले तर फार तर निकाल उशिरा कळायचा. आज नेट तुटले तर हक्क तुटतो. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाईन भरायला लावले, तेव्हा केंद्रांसमोर काय रांगा लागल्या ते वाचकांच्या लक्षात असेल. अंगठा जुळेना, सर्व्हर चालेना, शेवटी मुदत वाढवावी लागली. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला, तेव्हा गारपीट वा पाणी साचून नुकसान झाले तर ७२ तासांत कळवायचे होते. अतिवृष्टी झाली की आधी वीज जाते, मग टॉवर बसतो, आणि ७२ तासांचे घड्याळ मात्र चालू राहते! ज्या पावसाने पीक नेले त्याच पावसाने रेंजही नेली, हे घड्याळाला कोण सांगणार?

आता खरी गोम सांगतो. आपल्या राज्यात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे, नाही मिळाली तर अपील करता येते. फार चांगला कायदा. पण मुदत मोजायची कधीपासून? अर्ज दाखल होऊन पोच मिळाली तेव्हापासून. ‘नेट नाही’ म्हणून अर्जच घेतला नाही, तर पोच नाही. पोच नाही तर मुदत सुरूच होत नाही, आणि मुदत सुरू नाही तर ती संपतही नाही. त्या पिशवीवाल्या बाईच्या तीन खेपांची सरकारदरबारी नोंद कुठे आहे? कुठेच नाही. कागदावर बघितले तर त्या केंद्रात एकही अर्ज तुंबलेला नाही.

‘नेट नाही’ हे दोन शब्द नुसते यंत्राचे दुखणे सांगत नाहीत. ते कायद्याचे घड्याळ बंद करून ठेवतात. म्हणून हे उत्तर आपण चालवून घेता कामा नये.

मग करायचे काय?

पहिले काम आपले, गावकऱ्यांचे आणि केंद्र चालवणाऱ्यांचे. अण्णांची रीत आजही चालते. बांध शोधायचा. पेटीवर दिवा लागला आहे का? नसेल तर बिघाड विजेचा, आपल्या खोलीतला. पिन, बॅटरी, फ्यूज बघा. दिवा लागला आहे, पण ‘लॉस’ असे लिहिलेला लाल दिवा पेटला किंवा लुकलुकतो आहे? तर काचतारेत उजेडच येत नाही. तार कुठेतरी तुटली वा वाकली, ते काम तारवाल्याचे. लाल दिवा नाही, पण संगणकावर काहीच उघडत नाही? संगणकाला आणि पेटीला जोडणारी तार, वायफाय, किंवा भरायचे राहिलेले बिल तपासा. बाकी सगळे उघडते, पण एकच सरकारी पान उघडत नाही? तर नेट आहे. तिथला सर्व्हर नाही. त्याला ‘नेट नाही’ म्हणू नका. रेशन दुकानात अंगठा जुळत नसेल तर तोही नेटचा बिघाड नव्हे. त्याचा उपाय वेगळा आहे. पाच मिनिटांचे काम आहे हे. सातवीतले पोरही करील.

दुसरे काम ग्रामपंचायतीचे. एक साधी वही ठेवा. ‘जोडणी बंद नोंदवही’ म्हणा. तारीख, किती वाजता बंद, किती वाजता चालू, बांध कुठे सापडला, तक्रार कोणाकडे केली, तक्रार क्रमांक काय. दूध संस्थेत फॅट लिहितो तसे रोज लिहायचे. आणि ग्रामसभेत ती वही वाचून दाखवायची. तीन महिन्यांची अशी वही घेऊन सरपंच तालुक्याला गेला तर त्याला ‘बघतो, करतो’ म्हणून कुणी वाटेला लावू शकणार नाही. आज आपण जातो आणि नुसते ‘नेट लई प्रॉब्लेम देतंय बघा’ म्हणतो. त्याला पुरावा म्हणत नाहीत, त्याला गाऱ्हाणे म्हणतात.

तिसरे काम सरकारचे, आणि तेच मोठे. जोडणी बंद असेल तर अर्ज कागदावर घ्या आणि तारखेची सही-शिक्क्याची पोच हातात द्या. संगणकात नोंद मागाहून करा, पण मुदत त्या कागदी पोचेपासून मोजा. विमा असो, पीक पाहणी असो, खरेदीची नोंदणी असो, गावची जोडणी जेवढे दिवस बंद होती तेवढे दिवस त्या गावाची मुदत आपोआप वाढली पाहिजे. त्यासाठी मंत्रालयातून आदेश निघायची वाट बघायला लागू नये. पुरावा म्हणून वही आहेच. आणि नवे ॲप करताना ते बिननेटचे आधी चालले पाहिजे. शेतात माहिती भरावी, ती फोनमध्ये राहावी आणि रेंजमध्ये आल्यावर आपोआप जावी. एसएमएसला जमले ते ॲपला जमू नये?

काही अधिकारी मित्र म्हणतील, कागदावर अर्ज घ्यायला लागलो तर मग ऑनलाईनचा उपयोग काय? पुन्हा टेबलाखालचे दिवस येतील. या शंकेत तथ्य आहे. ऑनलाईनमुळे पुष्कळांच्या खेपा वाचल्या, सातबारा घरबसल्या दिसू लागला, हे मी नाकारत नाही. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्यावर एका वेळी किती पोर्टलांचे ओझे आहे तेही मला दिसते. स्वतःच्या खिशातले मोबाईल रिचार्ज करून ते सरकारचे काम ओढतात. म्हणूनच म्हणतो, वही त्यांच्याही फायद्याची. आज बिघाड कुठेही झाला तरी शिव्या खातो तो समोर बसलेला माणूस. बांध नोंदला तर निदान दोष ज्याचा त्याच्या दारात जाईल. आणि कागदी पोच द्यायची ती फक्त बंदच्या वेळी, वहीत नोंद असेल तरच. पळवाटेला जागा कुठे राहिली?

शेवटी त्या बाईचे काय झाले ते सांगतो. फिल्टरची पिन काढली, पेटीची लावली. दोन मिनिटांनी हिरवा दिवा लागला. लाल दिवा लागला नाही, म्हणजे काचतार शाबूत होती. गावापर्यंत १०० एमबीपीएस येऊन कपाटावर कधीपासून ताटकळत होते. अकरा वाजता तिचा अर्ज भरला, पोच हातात पडली. पोरगा ओशाळला. मी त्याला म्हटले, “लाजू नको, माझ्या कौलाखाली पण असंच निघालं होतं.”

ती बाई मात्र पोच न्याहाळत म्हणाली, “एवढंच होतं व्हय? मग तीन दिस का बोलावलंसा?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते उत्तर देण्याची व्यवस्था आपल्याला करायची आहे. येत्या ग्रामसभेत एक कोरी वही घेऊन जा आणि पहिल्या पानावर तारीख घाला.